प्रतिनायकाला नियम कोणते?

कथेतला प्रतिनायक कोणत्या मातीचा घडवावा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त त्याचा विचार केलेला आहे. आधी नायकाचे गुण गावेत आणि मग त्याच्या हातून शत्रूचा पाडाव दाखवावा, ही एक रीत. आणि शत्रूचेही कुळ, पराक्रम व विद्या मोकळ्या मनाने वर्णन करून मग नायकाने त्याच्यावर मिळवलेला जय सांगावा, ही दुसरी. ही दुसरी रीत आपल्याला आनंद देते, असे दंडी म्हणतो. मला वाटते, कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वचन मेजासमोर टांगून ठेवावे. कारण दुबळ्या शत्रूला लोळवणारा नायक मोठा होत नाही; तो फक्त दांडगा दिसतो.

वाचकहो, ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना, दंडीची आठवण काढण्याचे कारण मात्र थोडे चमत्कारिक आहे. या वर्षी मी जी पुस्तके बारकाईने वाचली ती कादंबऱ्यांची नव्हेत की नाटकांचीही नव्हेत. ती खेळांच्या नियमांची पुस्तके होती. माझ्या वर्गातली काही मुले सुटीत एक खेळ खेळतात, त्यांच्यापाशी ती मी पाहिली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश जवळ घेऊनच वाचतो. परंतु वाचता वाचता ध्यानात आले की, आपल्या टीकाकारांनी प्रतिनायकासंबंधी जो प्रश्न विचारला तोच प्रश्न हे खेळ रचणारे लोक गेली पन्नास वर्षे विचारीत आहेत, आणि तोही आकड्यांत, फाशांत व कोष्टकांत. तेव्हा या पुस्तकांवर साहित्याच्या दृष्टीने चार शब्द लिहावेत असे मनात आले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेजाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाने एकेक काल्पनिक व्यक्ती पत्करलेली असते: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. तिचे बळ, चापल्य, बुद्धी यांचे आकडे एका कागदावर लिहिलेले असतात. उरलेला एक जण सूत्रधार. नगर, अरण्य, राजा, भटारखान्यातला पोऱ्या, दरोडेखोर, राक्षस, सारे जग त्याच्या तोंडून बोलते. खेळाडू म्हणतो, “मी भिंतीवरून उडी मारतो.” सूत्रधार म्हणतो, “टाक फासा.” फासा वीस तोंडांचा असतो. जे दान पडेल त्यावर उडी साधते किंवा पाय मोडतो. अशा रीतीने कथा पुढे सरकते, आणि तिचा शेवट कोणालाच, सूत्रधारालाही, आधी ठाऊक नसतो.

आता प्रश्न असा की, खेळाडूंच्या नायकांना जे नियम, तेच सूत्रधाराच्या प्रतिनायकाला असावेत काय? नायकाला मांत्रिक होण्यासाठी पायरी-पायरीने चढावे लागते, मंत्र मोजून वापरावे लागतात, जखम झाली की प्राणांक घटतात. प्रतिनायकालाही हे सारे लागू करावे, की सूत्रधाराने आपल्या सोयीचे चार आकडे लिहून त्याला उभा करावा?

या खेळाचा जन्म पाहिला तर पहिले उत्तर आपोआप मिळते. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावाहून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी लिहिलेली तीन लहान पुस्तके एका पेटीतून विक्रीस निघाली. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यामागे होते ते शिशाच्या सैनिकांचे युद्धखेळ. युद्धखेळात दोन्ही बाजूंना माणसेच बसलेली असतात. म्हणून दोन्ही बाजूंना कायदा एकच. आर्नसनच्या ‘ब्लॅकमूर’ नावाच्या आरंभीच्या खेळात सर फँग नावाचा एक रक्तपिपासू होता. तो सूत्रधाराचा नव्हे, एका खेळाडूचाच होता. आणि त्याला आवर घालण्यासाठीच धर्मगुरूचा पेशा या खेळात आला, असे सांगतात. म्हणजे पहिल्या खलपुरुषांपैकी एक तर पंक्तीतलाच होता. पुढे दुसरी बाजू एकट्या सूत्रधाराच्या हाती आली, आणि तेव्हापासून हा वाद सुरू झाला.

त्याच गोतावळ्यातली बिग्बीची गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटते. गायगॅक्सचा स्वतःचा नायक मॉर्डनकायनेन नावाचा मांत्रिक. दुसऱ्या एका सूत्रधाराच्या भुयारात त्याची गाठ बिग्बी नावाच्या दुष्ट मांत्रिकाशी पडली. बिग्बी हा सूत्रधाराचे पात्र. मॉर्डनकायनेनने त्याला वशीकरणाने जिंकले, सेवक केले, आणि बऱ्याच सहवासानंतर त्याचे मन खरोखरच पालटले असे ठरून वशीकरण काढून टाकले. शत्रूचा सेवक झाला, सेवकाचा साथीदार झाला आणि शेवटी तो गायगॅक्सच्याच हातातले नायकपात्र झाला. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये अदृश्य शक्तीच्या प्रचंड हाताचे जे मंत्र आहेत त्यांना आजही बिग्बीचे नाव आहे. आता विचार करा, बिग्बी जर वेगळ्या मातीचा, वेगळ्या आकड्यांचा असता, तर हा प्रवास कसा झाला असता? शत्रूच्या कागदावरचे आकडे नायकाच्या कागदावर उतरवता येत होते, म्हणूनच त्याला माणसांत येता आले.

१९७८ सालीच निघालेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने ही समता पुष्कळच पुढे नेली. तिथे राक्षसालाही बळ, बुद्धी वगैरे तेच गुण, तेच शस्त्रकौशल्य, हातापायांना होणाऱ्या त्याच जखमा. निनावी दरोडेखोराचा एखादा बाण नेमका लागला तर कीर्तिमान वीरही तिथेच आडवा होतो. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ने तर एक विलक्षण युक्ती केली. नायक घडवताना ठरावीक गुणांचे भांडवल मिळते. कोणी शत्रू आपल्या मागावर आहे असे खेळाडूने मान्य केले तर भांडवलात भर पडते. म्हणजे शत्रू हा नायकाच्याच जमाखर्चातली एक नोंद. पुष्कळ कादंबरीकारांना जे आयुष्यभर उमगत नाही, की प्रतिनायक हा नायकाच्या घडणीचाच भाग असतो, ते या खेळाने एका कोष्टकात मांडले.

समतेचा हा विचार शिखरावर पोचला तो २००० साली, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत. जग एका कायद्याने चालावे अशी तिच्या कर्त्यांची जिद्द दिसते. साधा खेडूत, कारागीर, शिपाई, उमराव आणि गावचा देवर्षी, अशा सामान्य माणसांसाठीही पाच पेशे आखलेले. त्यांनाही पायऱ्या, त्यांनाही कौशल्ये. एखाद्या तत्त्वनिष्ठ माणसाच्या घरात गेल्यावर वाटते तसे ते पुस्तक वाचताना वाटते: आदर वाटतो आणि थोडा जीवही गुदमरतो.

गुदमरण्याचे कारण साधे आहे. अशा नियमांनी एक बऱ्यापैकी प्रतिनायक घडवायचा तर सहा गुण ठरवा, पेशा आणि पायऱ्या ठरवा, कौशल्यांचे गुण वाटा, विशेष हातोटी निवडा, शस्त्रे-चिलखते किमतीसकट लिहा, मंत्रांची यादी करा. संध्याकाळ यातच जाते. आणि दुसऱ्या दिवशी खेळाडूंची चौकडी त्याला तिसऱ्या फेरीत गारद करते. त्याला उत्तम पोहता येत होते हे कोणाच्या गावीही नसते. कादंबरीत दार उघडायला येणाऱ्या गड्याची जन्मकुंडली आम्ही मांडत बसत नाही. मांडली तर संपादक ती कापतो. इथे कापणारा कोणी नाही.

दुसरी अडचण हिशेबाची आहे, आणि ती कष्टाळूपणाने सुटणारी नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला पाचव्या पायरीचा मांत्रिक घ्या. त्याला दिवसाकाठी पहिल्या प्रतीचे चार, दुसऱ्या प्रतीचे तीन आणि तिसऱ्या प्रतीचे दोन मंत्र टाकता येतात. नायकाला ही पुंजी दिवसभराच्या अनेक संकटांना पुरवायची असते. प्रतिनायकाच्या वाट्याला मात्र एकच प्रसंग येतो. त्याने काटकसर कोणासाठी करावी? तो पहिल्याच फेरीत अग्निगोल फेकतो. अग्निगोलाचे सहातोंडी आठ फासे; सरासरी अठ्ठावीस. धडधाकट प्रकृतीच्या त्याच पायरीच्या मांत्रिकाचे प्राणांक साधारण बत्तीस. अंग चोरता आले नाही तर एका घावात माणूस मरणाच्या दारी. उलट प्रतिनायकापाशीही तेच बत्तीस प्राणांक, आणि त्याच्यावर चौघे जण तुटून पडणार. म्हणजे पहिली पाळी त्याची आली तर चौघांची होळी, त्यांची आली तर त्याची. सहा महिने ज्या सामन्याची वाट पाहिली तो एका फाशावर आटोपतो. नायकाचे नियम हे पुष्कळ दिवस जगायच्या माणसासाठी केलेले असतात; एका संध्याकाळपुरते आयुष्य असलेल्याला ते तसेच चढवले की अंगरखा बसत नाही.

नियमकर्त्यांनाही हे दिसत होतेच. तिसऱ्या आवृत्तीतच सूत्रधाराच्या पात्रांना नायकांपेक्षा कमी किमतीची साधनसामग्री द्यावी असे कोष्टक आहे, कारण जिंकल्यावर ती सारी नायकांच्या पदरात पडायची. आणि २००९ साली त्याच धर्तीवर निघालेल्या ‘पाथफाइंडर’ने अशा पात्राची ताकद त्याच्या पायरीहून एकाने कमी धरावी असे ठरवले. एक कायदा, एक कायदा म्हणता म्हणता पोटकलमे लागलीच.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत शत्रू हा त्याच्या कामावरून घडू लागला: हा दुरून मारणारा, हा अंगावर येणारा, हा एकट्याने साऱ्या चौकडीला पुरून उरणारा, आणि हे किरकोळ, ज्यांचा प्राणांक फक्त एक. घाव बसला की संपले. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये तर सूत्रधाराने फासा टाकायचाच नाही, फासे फक्त खेळाडूंचे. पण तिथे एक पथ्य आहे, आणि ते मला मोलाचे वाटते: भेटणाऱ्या प्रत्येकाला नाव द्यावे आणि माणूस म्हणून वागवावे. म्हणजे आकडे काढून घेतले, तरी माणूसपण मागल्या दाराने परत आणले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला मात्र हे पथ्य दर वेळी सांभाळता आलेले नाही. २०२५ च्या त्यांच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधल्या मांत्रिकापाशी एक मायावी मारा आहे, जो वाटेल तितक्या वेळा करता येतो आणि जो खेळाडूंच्या मांत्रिकाला कोणत्याही पायरीवर शिकायला मिळत नाही.

इथे माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न सांगण्याजोगा आहे. त्यांचा नायक मांत्रिक होता. असा एक शत्रू त्यांनी हरवला, त्याची मंत्रांची वही हस्तगत केली, आणि पोराने विचारले, “त्याचा तो मंत्र मी आता शिकू का?” शत्रूच्या वहीतले मंत्र उतरवून घेणे या खेळात नियमाला धरूनच आहे. पण हा मारा वहीत नव्हता. तो फक्त सूत्रधाराच्या कागदावर होता. पोर हिरमुसले. मला तो हिरमोड रास्त वाटतो. ‘रामायणा’त रावण पडल्यावर राम लक्ष्मणाला त्याच्यापाशी ज्ञान घेण्यास पाठवतो, अशी लोककथा आपण मुलांना सांगतो. शत्रूपाशी असलेली विद्या ही खरी विद्या आहे, ती आपल्यालाही शिकता येईल, हे मानल्याखेरीज त्या कथेला अर्थच उरत नाही. जिथे शत्रूची विद्या शिकण्याजोगी नसते तिथे शत्रू हा माणूस नसून अडथळा असतो.

या वादात कष्टाच्या आणि हिशेबाच्या गोष्टी फार बोलल्या जातात. माझ्या मते खरा मुद्दा सूत्रधाराच्या हाताचा आहे. कादंबरीत खलपुरुष कुलूपबंद खोलीतून निसटतो तेव्हा तो कसा निसटला यापेक्षा कोणी निसटवला हे वाचकाला आधी कळते. लेखकाला पुढची प्रकरणे लिहायची असतात ना! खेळाच्या मेजावर तर सूत्रधार सर्वसत्ताधीश. त्याने “तो नाहीसा झाला” म्हटले की झाला. चौघांची तोंडे पडतात. पण तोच प्रतिनायक जर त्यांच्यासारखाच मांत्रिक असेल, अदृश्य होण्याचा जो मंत्र त्यांना ठाऊक आहे तोच त्याने टाकला असेल, तर मेजावरचे बोलणे पालटते. “अरे, त्याचा दुसऱ्या प्रतीचा एक मंत्र गेला. आता दोनच उरले. आज रात्री गाठला तर सापडेल.” शत्रू निसटतो, तरी तो आता वाचता येतो, त्याच्यासंबंधी तर्क चालतो. सामायिक नियम ही सूत्रधाराने आपल्याच हाताला बांधलेली दोरी आहे. ती दोरी दिसते म्हणून खेळाडू त्याच्यावर विश्वास ठेवतात, आणि हरले तरी कुरकुर करीत नाहीत.

एवढे सांगितल्यावर, सगळे नियम सरसकट सारखे करा, असा निवाडा मी देईन असे वाटेल. तो मी देत नाही. वर्गात शिकवतो ते गणित आड येते. प्रतिनायक खरोखर नायकांच्या तोडीचा असेल, तर प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी. असे दहा सामने ओळीने जिंकण्याची शक्यता किती? एक हजार चोविसात एक. म्हणजे कडक समता पाळली तर दहाव्या सामन्यापर्यंत पोचणारी चौकडी जवळजवळ सापडायचीच नाही. जे खेळ वर्षानुवर्षे चालतात ते चालतात याचाच अर्थ त्यांत समता कुठेतरी वाकवलेली असते. ती कुठे वाकवावी, हाच विवेक.

माझे मत असे की, नियमांचे दोन वर्ग करावेत. काही नियम किमतीचे असतात: जखम झाली की दुखते, मंत्र वापरला की संपतो, मेलेला मरतो, जे येते ते कुठेतरी शिकलेले असते आणि दुसऱ्याला शिकता येते. हे नियम दोघांना एकच असावेत. यात सवलत दिली की कथेचा पाया खचतो. दुसरे नियम जमाखर्चाचे: कौशल्यांचे गुण किती, प्राणांक नेमके कोणत्या सूत्राने काढले, पिशवीत दोरखंड किती हात. यांत सूत्रधाराने हवी तेवढी मोकळीक घ्यावी. प्रतिनायकाचे प्राणांक दुप्पट लिहिले तर कोणाचा विश्वासघात होत नाही. संपलेला मंत्र त्याने गुपचूप पुन्हा टाकला तर होतो. पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात तिन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत: लागतील तेवढेच आकडे द्या, राक्षसासारखा तयार तक्ता द्या, किंवा नायकासारखा पेशा आणि पायऱ्या द्या. शिवाय धर्मभ्रष्ट योद्धा आणि मृत्यूचा उपासक असे दोन पेशे खलपुरुषांसाठी म्हणून खेळाडूंच्याच पद्धतीने रचले आहेत. वाटा तिन्ही आहेत. कोणती केव्हा धरावी याचे तारतम्य मात्र ते पुस्तक पुरेसे शिकवीत नाही, ही माझी त्याच्यावरची मुख्य तक्रार.

ते तारतम्य असे सांगता येईल. दारावरचे पहारेकरी, रानातले लुटारू यांना दोन आकडे पुष्कळ झाले. पण जो पुन:पुन्हा भेटणार आहे, ज्याचे नाव मुले घरी जाऊन आईला सांगणार आहेत, त्याला नायकाच्या मातीचा घडवावा. त्याला एकट्याने चौघांसमोर उभा करू नये. त्यालाही साथीदार द्यावेत, म्हणजे चार पाळ्यांना चार पाळ्या होतील आणि एका माणसाच्या अंगात अचाट बळ कोंबावे लागणार नाही. त्याची पायरी एखाद्या इयत्तेने मागे ठेवावी. आणि मुख्य म्हणजे, दर भेटीत मारामारीच झाली पाहिजे असे नाही. एकाच खजिन्याच्या शोधात दोन टोळ्या निघाल्या, एकाच राजदरबारात दोघे नोकरीला आले, एकाच गुरूचे दोन शिष्य झाले, म्हणजे स्पर्धा होते आणि कोणी मरावे लागत नाही. तोडीस तोड शत्रूशी दहा लढाया झेपत नाहीत. पण दहा शर्यती सहज झेपतात, आणि त्यांत हरणेही गोड लागते.

अशा प्रतिनायकाला घडवताना एक संध्याकाळ गेली तर ती वाया गेली असे मी मानीत नाही. कागदावर त्याचे गुण लिहिताना सूत्रधाराला विचारावे लागते: हा मंत्र याला कोणी शिकवला? तलवारीचे कौशल्य आहे, मग हा कोणाच्या पदरी होता? त्याच रकाने भरण्यातून कधी कधी माणूस उभा राहतो. मला स्वतःला एका पात्रासाठी असे रकाने भरून पाहावेसे वाटले आणि मी ते भरले. त्या पात्राने माझ्या चालू कादंबरीतली दोन प्रकरणे बदलून टाकली.

या सुटीत घरातली मुले फासे घेऊन बसली तर मोठ्यांनी एकदा तरी त्यांच्या मेजापाशी जाऊन बसावे, आणि त्यांचा शत्रू कोण आहे ते विचारावे. त्याचे नाव, त्याचा गुरू, त्याला काय येते आणि काय येत नाही, हे जर मुले भराभर सांगू लागली, तर त्यांचा सूत्रधार चांगला आहे असे खुशाल समजावे आणि त्याला एक चकली जास्त द्यावी.